मोल्सवर्थचा कोश शिकागोच्या ग्रंथालयांत

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें मुंबईस प्रथम छापला गेला. १८५७ ची वाढविलेली आवृत्ति सुमारें ६०,००० शब्दांची. तोच कोश आज पुणेंकरास घरबसल्या उघडतां येतो, पण तो अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत, हें ऐकून श्रोत्यांस थोडें नवल वाटेल.

ह्याचें एक मूळ गव्हांत आहे! १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' ह्या कायद्यान्वयें भारतास अमेरिकन धान्य मिळालें व त्याची किंमत रुपयांत सांचत गेली. १९६२ पासून त्यांतील कांहीं रुपयांनीं येथील पुस्तकें विकत घेऊन तिकडील ग्रंथालयांस धाडण्यांत येऊं लागलीं. शिकागोचा मराठी संग्रह असा वाढला.

पुढें तेथील दक्षिण आशिया विभागाचे ग्रंथपाल जेम्स नाय यांच्या नेतृत्वाखालीं कोश संगणकावर चढविण्याचें काम झालें. पानांचीं छायाचित्रें घेणें सोपें. परंतु छायाचित्रांत शब्द शोधतां येत नाहीं. म्हणून मजकूर अक्षरशः उतरवून, मूळ शब्द कोणता व अर्थ कोणता, ह्याच्या खुणा केल्या. त्यामुळें इंग्रजी अर्थावरून मराठी शब्दाकडे उलटहि जातां येतें. पावसाचा इंग्रजी शब्द घातला कीं 'झड', 'बुरबुर' असे शहरांत विसरलेले शब्द पुढें येतात. छापील कोशांत ही सोय कोठून असणार?

हें काम मराठी मुलखांतील एखाद्या विद्यापीठानें आधीं करावयास हवें होतें, ही तक्रार रास्तच आहे. दाते-कर्वे मंडळींनीं पुण्यास १९३२ ते १९५० पर्यंत खपून प्रसिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' देखील आतां शिकागोच्या त्याच दालनांत पाहावयास मिळतो.