काचेवरची गावे आणि कापलेल्या लहरी

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ हाती आला म्हणजे माणूस सर्वांत आधी ओले फडके घेऊन त्याची काच पुसावयास बसतो, आणि घात होतो तो तेथेच. स्टेशनांची नावे त्या काचेच्या पुढच्या अंगास नसतात. ती मागच्या अंगास रंगाने छापलेली असतात. सत्तर-ऐंशी वर्षांत तो रंग काचेपासून सुटत आलेला असतो. एकदा हात फिरला की ब्रेस्लाऊ, क्योनिग्सबर्ग, लेम्बर्ग ही गावे अलगद फडक्यावर उतरतात. इतिहासाला ही नावे नकाशावरून पुसावयास एक महायुद्ध लागले; हौशी माणसास दोन क्षण पुरतात.

युरोपात असे जुने रेडिओ जमविणाऱ्यांचे व दुरुस्त करणाऱ्यांचे मोठे मंडळ आहे. इंग्लंडमधील जुन्या रेडिओप्रेमींची संस्था १९७६ साली व जर्मनीतील १९७८ साली स्थापन झाली. बाहेरून पाहणाऱ्यास हा केवळ छंद वाटतो. लाकडाला पुन्हा लाखेची झिलई चढवावी, जुना हिरवा डोळा पुन्हा लुकलुकावा, एवढीच त्यांची धडपड असावी असे आपण समजतो. परंतु या मंडळींपुढे एक प्रश्न असा आहे, की तो कोणत्याही पुराणवस्तुसंशोधकास परका वाटू नये. पेटी उघडल्यावर जे मोडलेले, तुटलेले, बदललेले दिसते, त्यातले दुरुस्त काय करावयाचे आणि तसेच काय ठेवावयाचे? आज मला सांगावयाचे आहे ते या प्रश्नाविषयी.

प्रथम त्या काचेकडेच वळू. आपल्याकडे इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या घरांतूनही फिलिप्सचे किंवा टेलिफंकनचे रेडिओ होते, व त्यांच्या तबकड्यांवरील परकी नावे वाचीत मुले मोठी झाली. युरोपात मात्र ही नावे म्हणजे शेजारपाजार होता. बेरोम्युन्स्टर हे स्वित्झर्लंडमधील एक लहानसे गाव. पण तेथील केंद्र तटस्थ देशाचे, म्हणून युद्धकाळात त्याला मोठे मोल आले. १९४० पासून दर शुक्रवारी सायंकाळी तेथून ज्यां रुडोल्फ फॉन सालिस हे इतिहासाचे प्राध्यापक जगातील घडामोडींचे समालोचन करीत, आणि स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडेही लोक ते चोरून ऐकत. ग्लायविट्झ या नावाची कथा याच्या अगदी उलट. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री पोलिश हल्लेखोरांचे सोंग घेतलेल्या जर्मन माणसांनी ते जर्मन नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले, पोलिश भाषेत चार शब्द बोलून दाखविले, आणि दुसऱ्या दिवशी पोलंडवरील आक्रमणाला एक निमित्त तयार झाले. त्या केंद्राचा लाकडी मनोरा आजही उभा आहे. गाव मात्र आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव ग्लिवित्से असे झाले आहे. ब्रेस्लाऊचे व्ह्रोत्सुआफ झाले, क्योनिग्सबर्गचे कालिनिनग्राद झाले.

तबकडीवरील गावांच्या क्रमावरूनही जाणकार रेडिओचे वय ओळखतात. लहरींची वाटणी १९३४ च्या जानेवारीत लुसर्न येथील करारानुसार बदलली आणि १९५० च्या मार्चमध्ये कोपनहेगनच्या करारानुसार पुन्हा बदलली. दोन्ही वेळा काचा नव्याने छापाव्या लागल्या. दुसऱ्या वाटणीत पराभूत जर्मनीच्या पदरी मध्यमलहरी फारच थोड्या पडल्या. या टंचाईची चाहूल लागताच त्या देशाने १९४९ पासूनच अतिलघुलहरींचा, म्हणजे आज आपण ज्याला एफ. एम. म्हणतो त्याचा, आश्रय केला. पराभवाने लाभ झाल्याची उदाहरणे थोडी असतात. हे त्यांतले एक.

आता पेटीच्या आत शिरू. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘फोल्क्सएम्फेंगर’, म्हणजे जनतेचा रेडिओ, प्रथम मांडला गेला. त्याचा क्रमांक ३०१. तो तांत्रिक क्रमांक नव्हे; ३० जानेवारी हा हिटलर चॅन्सेलर झाला तो दिवस त्यात गोवलेला आहे. यंत्राची रचना ओटो ग्रीसिंग यांची, काळ्या बेकेलाइटच्या पेटीचा घाट वाल्टर मारिया केर्स्टिंग यांचा. किंमत ७६ मार्क. इतर चांगल्या रेडिओंच्या मानाने ही पुष्कळच कमी होती. अनेक कारखान्यांनी तो एकाच नमुन्याबरहुकूम तयार केला. १९३८ साली त्याहून लहान रेडिओ ३५ मार्कांस निघाला. त्याला लोकांनी गोबेल्सचे थोबाड असे नाव ठेवले.

या रेडिओविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, की परदेशांतील केंद्रे ऐकूच येऊ नयेत अशी त्याची मुद्दाम रचना केली होती. ही समजूत खरी नाही, आणि ती खोटी पाडली आहे ती दुरुस्त केलेल्या रेडिओंनीच. मूळ मांडणी न बदलता, चांगली उंच एरियल लावून, रात्रीच्या वेळी हा रेडिओ लावला तर मध्यमलहरींवर परदेशी केंद्रे त्याला सापडतात. लघुलहरींचा पट्टा त्यात सामान्यतः नसे, हे खरे. आणि लहान व स्वस्त यंत्राला जवळचेच केंद्र ठणठणीत ऐकू येणार, हेही खरे. पण तो बहिरा नव्हता. यंत्र बहिरे असते तर कायद्याची गरजच काय होती? तो कायदा १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्धाच्या पहिल्याच दिवशी निघाला. परकीय केंद्र हेतुपुरस्सर ऐकणे हा तुरुंगवासाचा अपराध ठरला, आणि ऐकलेली बातमी पसरविणाऱ्यास देहदंडही देता येऊ लागला. रेडिओच्या बटणाला अडकविण्यासाठी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या छापण्यात आल्या. परकीय केंद्र ऐकणे हा राष्ट्रीय सुरक्षिततेविरुद्ध गुन्हा आहे, अशी तंबी त्यांवर असे. अशी चिठ्ठी अद्यापि बटणाला लोंबत असलेला रेडिओ मिळणे हे संग्राहकाचे भाग्यच समजले जाते.

हा कायदा कागदावर राहिला नाही. हॅम्बुर्गच्या हेल्मुट ह्युबेनर या मुलाने आपल्या सावत्र भावाने फ्रान्सहून आणलेल्या लघुलहरींच्या रेडिओवर लंडनच्या बातम्या ऐकल्या, त्यांवरून पत्रके लिहिली आणि मित्रांच्या मदतीने ती वाटली. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्या वेळी त्याचे वय १७ वर्षांचे होते.

येथे एक विसंगती आपल्या दृष्टीने नोंदविण्याजोगी आहे. ज्या राज्यात परदेशी केंद्र ऐकणे हा अपराध होता, त्याच राज्यातून त्याच वर्षी सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओ लघुलहरींवरून हिंदुस्थानला साद घालीत होते. आपल्या प्रजेला परकीय आवाजाची बंदी आणि दुसऱ्याच्या प्रजेला आपला आवाज मोकळा, हे धोरण त्या काळी नवे नव्हते आणि पुढेही जुने झाले नाही.

जर्मनीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर भागले. जिंकलेल्या देशांत तेवढ्यावर विश्वास नव्हता. हॉलंडमध्ये मे १९४३ मध्ये सर्व रेडिओ सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला, नॉर्वेत ते १९४१ मध्येच काढून घेतले होते. चेक लोकांच्या बाबतीत मात्र निराळी युक्ती योजण्यात आली. रेडिओ घरातच राहू द्यावयाचा, कारण आपला प्रचार लोकांनी ऐकावयास तर हवा. पण त्याचा एक कान कापावयाचा. १९४२-४३ च्या सुमारास रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांकडून घरोघरच्या रेडिओंतील लघुलहरींची वेटोळी काढविण्यात आली. लंडनहून चेक भाषेत होणारे प्रक्षेपण मुख्यतः लघुलहरींवर येई. या लहरी वातावरणाच्या उंच विद्युद्भारित थरावरून परतून दूरवर उतरतात, आणि त्यांना आवाजाने आवाज मारून दडपणे कठीण जाते. म्हणून मुळावरच घाव.

आणि मग लोकांनी काय केले? तांब्याच्या तारेचे थोडे वेढे व एखादा कंडेन्सर घेऊन त्यांनी मुठीत मावेल असे एक वेटोळे बनविले. रात्री ते रेडिओत खोचावयाचे, बातम्या झाल्या की काढून लपवावयाचे. या चिमुकल्या वस्तूला चेक लोक ‘चर्चिलका’ म्हणत. चर्चिलसाहेबांचे नाव अनेक रस्त्यांना व पुतळ्यांना मिळाले. पण तारेच्या एवढ्याशा गुंडाळीला मिळालेले हे नाव मला अधिक बहुमानाचे वाटते. ते देणाऱ्यांनी ते प्राण पणास लावून दिले होते.

आता समजा, आज असा एखादा रेडिओ प्राग येथील माळ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याच्या मेजावर आला आहे. त्याचा अनुभवी हात आपल्या क्रमाने काम करू लागतो. रेडिओ एकदम विजेला जोडावयाचा नाही. आधी वाटेत एक दिवा जोडून त्यामागून हळूच वीज द्यावयाची, म्हणजे आत कोठे जोड लागला असल्यास दिवा पेटून सांगेल व रेडिओ वाचेल. ज्यांत ट्रान्सफॉर्मर नाही अशा स्वस्त रेडिओंत सांगाडाच विजेला चिकटलेला असतो. बटण निसटून उघड्या दांड्याला हात लागला तर जिवावर बेतते. तारांवरचे रबर कडक होऊन भुगा झालेले असते. मेणकागदाचे जुने कंडेन्सर गळू लागलेले असतात. त्यांतला शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधीचा कंडेन्सर सर्वांत घातक. तो गळला की त्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो धनभार येतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, तापून लाल होतो आणि जळतो. आणि १९३८ च्या त्या ३५ मार्कांच्या रेडिओचा दुहेरी व्हॉल्व्ह तर आज सोन्याच्या भावाने शोधावा लागतो. म्हणून ते कंडेन्सर बदलावे लागतात, यात दुमत नाही. सचोटीचा कारागीर जुन्या कंडेन्सरचे पुठ्ठ्याचे कवच जपतो, आतले गाळ झालेले सामान काढतो, नवा छोटा कंडेन्सर त्यात बसवितो आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करतो. बाहेरून पाहणाऱ्यास १९३८ चे रूप दिसते, आणि रेडिओ बोलतो. हे मला मान्य आहे. झिजणाऱ्या वस्तूची झीज भरून काढणे म्हणजे इतिहास पुसणे नव्हे.

परंतु काम करता करता त्याला दिसते, की लघुलहरींच्या वेटोळ्यांची जागा रिकामी आहे. तारा चिमट्याने कापलेल्या आहेत. छापील नकाशात तेथे वेटोळे आहे, पेटीत नाही. तो म्हणतो, हा दोष. मूळ नमुन्याप्रमाणे वेटोळे गुंडाळून बसवितो. त्याचा हेतू शुद्ध असतो, काम सुबक होते, आणि त्या घरावर त्या वर्षी काय ओढवले याची एकमेव खूण एका दुपारी नाहीशी होते. त्या कापलेल्या तारांच्या शेजारी कोणाच्या तरी अनभ्यस्त हाताने डाग दिलेले दोन फाजील जोडही असू शकतात, चर्चिलका खोचण्यासाठी केलेले. ते ओबडधोबड जोड तर सर्वांत आधी साफ होतात.

असेच युद्धानंतरच्या रेडिओंचेही. १९४६ साली फ्यूर्थ येथील माक्स ग्रुंडिश यांनी ‘हाइन्झेलमान’ नावाचा रेडिओ सुट्या भागांच्या रूपाने, खेळणे म्हणून विकावयास काढला; कारण तयार रेडिओंवर नियंत्रण होते. त्यात व्हॉल्व्ह नसत, ते गिऱ्हाइकाने मिळतील तेथून मिळवावयाचे. जर्मन सैन्याच्या शिल्लक सामानातील ‘आरव्ही १२ पी २०००’ हा चिमुकला व्हॉल्व्ह त्या काळात घरगुती रेडिओंतून सर्रास दिसतो. मूळ व्हॉल्व्ह नाही म्हणून तो काढून टाकणारा संग्राहक उपासमारीच्या त्या वर्षांची नोंदच काढून टाकतो.

एक प्रश्न याहून अवघड. जनतेच्या रेडिओवर समोरच्या अंगास गरुड आणि नाझींचे आकडेदार चिन्ह असे. (आपल्या उंबऱ्यावरच्या मंगल स्वस्तिकाशी त्याचा काही संबंध जोडू नये.) युद्धानंतर अनेकांनी ते कानशीने घासून काढले. आज जर्मनीत ते चिन्ह मिरविणे कायद्याने निषिद्ध आहे; इतिहास व शिक्षण यांना सूट आहे. काही संग्राहक घासलेल्या जागी ते चिन्ह नव्याने बसवून रेडिओ ‘मूळ रूपात’ आणतात. माझ्या मते ही शुद्ध चूक आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील मेजाशी बसून कोणी तरी कानस चालविली. भीतीने, लाजेने की संतापाने, ते आपणांस कळणार नाही. पण तो ओरखडा त्या रेडिओचा तितकाच मूळ भाग आहे.

या सर्वांत आणखी एक अडचण उभी राहिली आहे. रेडिओ दुरुस्त झाला तरी ऐकावयाचे काय? बेरोम्युन्स्टरचे मध्यमलहरींचे केंद्र २००८ च्या अखेरीस बंद झाले. जर्मन राष्ट्रीय केंद्राची दीर्घलहरी २०१४ च्या व मध्यमलहरी २०१५ च्या अखेरीस थांबली, आणि चेक नभोवाणीने ३१ डिसेंबर २०२१ रोजी आपल्या मध्यम व दीर्घ अशा दोन्ही लहरी बंद केल्या. हौशी लोक आता घरातल्या घरात पुरेल असे लहानसे प्रक्षेपक यंत्र ठेवतात आणि जुन्या रेडिओला जुनीच गाणी ऐकवितात. प्रागच्या त्या रेडिओला मध्यमलहरींवर आता चेक नभोवाणीचा आवाज सापडत नाही; रात्री दूरच्या देशांची काही उरलीसुरली केंद्रे येतात. लघुलहरींवर मात्र अद्याप बरेच काही चालू आहे. म्हणजे ज्या पट्ट्याचे वेटोळे कापून नेले, तोच आज त्याला अधिक उपयोगी पडला असता. अशा वेळी काही कारागीर नवे वेटोळे पेटीत कायमचे बसवीत नाहीत. ते तारेचे थोडे वेढे गुंडाळून निराळी चर्चिलका करतात, ऐकावयाचे असेल तेव्हा खोचतात, आणि ऐकून झाले की काढून खणात ठेवतात.