एका माणसापुरता अपवाद

१६४४च्या हिवाळ्यात इंग्लंडची पार्लमेंट आपल्याच सेनापतींना कंटाळली होती. राजा पहिला चार्ल्स याच्याविरुद्धच्या यादवीला दोन वर्षं उलटून गेली होती. मार्स्टन मूरची मोठी लढाई जिंकूनही न्यूबरीला राजा हातातून निसटला. फौजा एसेक्स आणि मँचेस्टर या उमरावांच्या हाती. यांना राजाला खरोखर हरवायचंय का, अशी कुजबूज सुरू झाली. मँचेस्टरवर तसा उघड आरोप केला तो त्याच्याच घोडदळाच्या प्रमुखाने, म्हणजे खासदार ऑलिव्हर क्रॉमवेलने.

एप्रिल १६४५मध्ये पार्लमेंटने यावर तोडगा काढला. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी ४० दिवसांत लष्करी पदं सोडायची. कुणालाही नाव घेऊन काढायची गरज उरली नाही. मात्र पद सोडलेल्याला पुन्हा नेमायला या कायद्यात बंदी नव्हती. ही फट लक्षात ठेवा.

'न्यू मॉडेल आर्मी' हे नवं सैन्य उभं राहिलं. कागदावर २२,००० माणसं, त्यात प्रत्येकी ६०० स्वारांच्या ११ घोडदळ रेजिमेंट. सरसेनापती ३३ वर्षांचा थॉमस फेअरफॅक्स, जो खासदार नव्हता. पायदळ फिलिप स्किपनकडे. घोडदळाच्या प्रमुखाची, आपल्या भाषेत सरनोबताची, जागा मात्र रिकामीच.

तेव्हाच्या लढाईत पायदळ मध्ये आणि घोडदळ दोन्ही बाजूंना असायचं. बाजूचं घोडदळ उधळलं की मधलं पायदळ उघडं पडे. पण हल्ला चढवण्यापेक्षा अवघड काम पुढचं होतं: पळणाऱ्यांच्या आणि लुटीच्या मागे सुटलेले स्वार आवरून परत लढाईत आणणं. ते क्रॉमवेलला जमायचं. फेअरफॅक्सने त्याला मागून घेतलं, १० जूनला कॉमन्सने होकार दिला, १३ तारखेला तो छावणीत पोचला आणि १४ जूनला नेझबीची लढाई झाली.

तिथे राजाचा भाचा प्रिन्स रुपर्ट याने पार्लमेंटची डावी फळी मोडली आणि तो थेट त्यांच्या सामानाच्या तळापर्यंत दौडत गेला. उजवीकडे क्रॉमवेलनेही समोरचं घोडदळ उधळलं. पण त्याने थोडेच स्वार पाठलागावर धाडले आणि बाकीचे राजाच्या पायदळावर वळवले. रुपर्ट परतला तेव्हा खेळ संपला होता. राजाचं बहुतेक पायदळ शरण आलं.

नेमणूक अचूक होती, यात वाद नाही. लॉर्ड्सनी तिला तीनच महिन्यांची मंजुरी दिली. मग मुदत वाढत गेली. 'टेम्पररी' म्हणून टाकलेला कोड वर्षानुवर्षं चालताना आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज बघतो. तो चालतो, म्हणूनच त्याला कुणी हात लावत नाही. क्रॉमवेलही लढाया जिंकत राहिला. दर वेळी त्याला ठेवण्याचं कारण खरं होतं आणि दर वेळी त्याला काढणं आणखी अवघड होत होतं.

२० एप्रिल १६५३ला तो सैनिक घेऊन कॉमन्समध्ये शिरला. खासदारांना फौजेबाहेर काढणाऱ्या पार्लमेंटला त्या दिवशी फौजेने सभागृहाबाहेर काढलं. तेव्हाही क्रॉमवेल खासदार होताच.