अंगुलिमुद्रा-पूड : अवशेषांची सफाई
गुन्ह्याच्या जागी उमटलेले, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बोटांचे ठसे उठून दिसावेत म्हणून ठसेतज्ज्ञ ब्रशने जी बारीक पूड फिरवतात, ती तपासानंतर दारे, कपाटे व भिंतींवर तशीच राहते आणि ब्रिटन-अमेरिकेत ती काढण्याचे काम सहसा घरमालकाच्याच गळ्यात पडते. घाम व त्वचेवरील तेलकटपणा यांना चिकटणे हाच या पुडीचा गुण असल्याने स्वयंपाकघरातील ओशट फळ्या आणि दाराच्या मुठीभोवतालचा भाग यांवर ती सर्वांत घट्ट बसते.

काळ्या पुडीत मुख्यतः काजळी किंवा ग्रॅफाइट असते, चंदेरी पुडीत अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या, तर चुंबकीय पुडीत लोहकण असतात. पारा व खडू यांची पूर्वी वापरली जाणारी करडी पूड पाऱ्याच्या विषारीपणामुळे मागे पडली.

पोलिसांनी जागा मोकळी केल्याशिवाय सफाईला हात लावू नये, कारण राहिलेला ठसा पुसला गेला तर पुरावाच नाहीसा होतो. पहिली फेरी कोरडीच हवी. काजळी पाण्यात विरघळत नाही आणि शाईचा ती पूर्वापार घटक आहे. म्हणून सुरुवातीलाच ओले फडके फिरवणे म्हणजे भिंतीला शाई फासणेच होय. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड पृष्ठभागाला न टेकवता किंचित वर धरून सुटी पूड ओढून घ्यावी; मात्र यंत्राची गाळणी बारीक नसेल, तर तीच पूड मागच्या बाजूने खोलीभर उडते. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवसाबण घालून, फडके घट्ट पिळून, डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसत यावे आणि फडक्याची घडी दर वेळी बदलावी. लोहकण आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने उचलावेत, कारण ओले राहिल्यास ते गंजून तांबूस डाग पाडतात. ग्रॅफाइट व अ‍ॅल्युमिनियम विद्युत्‌वाहक असल्याने विजेच्या उपकरणांची सफाई प्रवाह तोडूनच करावी. खरबरीत गिलावा किंवा पॉलिश नसलेले लाकूड यांच्या छिद्रांतील पूड मात्र क्वचितच पूर्ण निघते. तेथे घासत बसण्यापेक्षा डाग रोखणारे अस्तर देऊन वर रंग काढणे शहाणपणाचे.

तपासानंतर दिसणारा प्रत्येक डाग पुडीचाच असतो असे नाही. कागदावरील ठशांसाठी वापरले जाणारे निनहायड्रिन घामातील अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळा रंग देते. तो साबणाने जात नाही, उजेडात हळूहळू फिका पडतो.