मोटारीची बॅटरी : हिवाळी साठवण

हिमप्रदेशात मोटार महिनोन्‌महिने उभी असताना तिची शिसे-आम्ल बॅटरी उतरू नये, गोठू नये व कायमची निकामी होऊ नये म्हणून घ्यायची काळजी. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथे हा घरोघरचा विषय आहे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजतो. म्हणून उघड्या टपाच्या किंवा हौसेने जपलेल्या जुन्या गाड्या तेथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्येच ठेवतात.

थंडीने बॅटरी मरते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवलेल्या शिसे-आम्ल घटाचे तत्त्व आजही तेच आहे. बॅटरी उतरताना सल्फ्युरिक आम्लातील सल्फेट प्लेटांवर बसते आणि मागे उरणारा द्रव अधिकाधिक पाणीदार होतो. पूर्ण चार्ज बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५च्या आसपास असते व तो उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गोठतो. पार उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र उणे ८-१० अंशांच्या सुमारासच गोठू लागतो. विनिपेगसारख्या शहरात जानेवारीच्या रात्री पारा उणे ३०पर्यंत जातो. तेथे भरलेली बॅटरी उघड्यावरही तग धरते आणि रिकामी बॅटरी तडकते. साठवणीचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात : बॅटरी भरलेली ठेवायची.

गोठलेली बॅटरी डोळ्यांनी ओळखता येते. बाजू फुगून गोलसर होतात, झाकणाचा सांधा उकलतो, आत प्लेटा वाकलेल्या असतात. अशी बॅटरी चार्जरला किंवा जंपर केबलला जोडणे जिवावर बेतू शकते, कारण आत कोंडलेला हायड्रोजन पेटून स्फोट होतो. ती आधी घरात आणून पूर्ण वितळू द्यावी आणि खोक्याला तडा किंवा फुगवटा दिसला तर भंगारात द्यावी.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआप थोडी उतरते, पण थंडीत हा वेग मंदच असतो. खरी गळती गाडीतील घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक व संगणक यांची. ही उपकरणे मिळून ३० मिलिअँपिअर जरी घेत असली तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत जवळजवळ रिकामी. म्हणून साठवणीआधी टर्मिनल सोडवतात. त्याआधी डिकीचे कुलूप विजेवर चालते का आणि रेडिओला कोड लागतो का, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

सोडवताना ऋण टर्मिनल आधी. हा क्रम पाठ असलेल्यांनाही त्याचे कारण अनेकदा ठाऊक नसते. बहुतेक गाड्यांचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टर्मिनलवर लावलेला पाना फिरवता फिरवता पत्र्याला टेकला, की शेकडो अँपिअर प्रवाह त्यातून धावतो, ठिणग्या उडतात, पाना लाल होतो, कधी जागेवर चिकटतोही. ऋण आधी सुटले असेल तर पाना टेकून काहीच होत नाही. जोडताना उलट, धन आधी व ऋण शेवटी.

वीज हाताशी असल्यास १३.२ ते १३.६ व्होल्ट राखणारा स्वयंचलित मेंटेनर चार्जर हा सर्वांत निर्धास्त उपाय. जुन्या धाटणीचा, न थांबणारा चार्जर महिनाभर लावून ठेवल्यास पाणी उडून प्लेटा उघड्या पडतात. वीज नसेल तर बॅटरी काढून, भरून, कोरड्या थंड जागी ठेवावी आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. उबदार खोलीपेक्षा थंड गॅरेज तिला मानवते. सिमेंटच्या फरशीवर बॅटरी उतरते, ही समजूत लाकडी व कडक रबरी खोक्यांच्या काळातली. आजच्या प्लॅस्टिक खोक्यांना फरशीचा काही त्रास नाही.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगच्या अगोदर घालावे. घालून तसेच सोडल्यास पाणी आम्लात न मिसळता वरच राहते आणि गोठते.

दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याची सवय मोडायलाच हवी. सेल मारताना खर्च झालेली वीज थंडगार बॅटरीत इतक्या वेळात क्वचितच परत भरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात.

मोजमापासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश. त्याखाली दीर्घकाळ राहिल्यास प्लेटांवरील सल्फेटचे स्फटिक कडक होतात व चार्जिंगनेही विरघळत नाहीत. डिसेंबरात महिना-दीड महिना भारतात येणाऱ्या टोरांटो-शिकागोकडील मराठी कुटुंबांच्या गाड्यांची बॅटरी बहुधा अशीच खराब होते. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नाही. पण तापमान दहा अंशांनी वाढले की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे नागपुरात मे महिन्यात उभ्या गाडीची बॅटरी अधिक वेळा चार्ज करावी लागते.

वसंतात टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावरच सेल मारावा. चार्ज होऊनही सेल मारताना विद्युतदाब ९.६ व्होल्टखाली कोसळत असेल, तर बॅटरी बदलावी.