गणेशखिंडीच्या आधी आणि नंतर

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा बाळकृष्ण चापेकर झालो होतो. पुठ्ठ्याचे पिस्तूल, मोठ्या भावाचा काळा कोट आणि विंगेतून आलेली ‘गोंद्या आला रे’ ही आरोळी. टाळ्या भरपूर पडल्या. रँडने प्लेगच्या नावाखाली छळ केला, म्हणून चापेकरांनी त्याला मारले, एवढे कारण आम्हाला पुरेसे होते. पुढे नोकरी सांभाळून जुने कागद वाचण्याचा नाद लागला आणि दामोदर चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त हाती आले. तेव्हा त्या ‘म्हणून’पाशी मी अडलो.

छळ खोटा नव्हता. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख झाला. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरत होत्या. देवघर, स्वयंपाकघर, माजघर काहीच वगळले जात नव्हते. रोग्याला इस्पितळात नेत, घरच्यांना छावणीत ठेवत, सामानाची होळी करत. २२ जूनच्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैला.

पण झडत्या साऱ्या शहराने सोसल्या. पिस्तूल मात्र मोजक्याच हातांनी उचलले. हेच हात का?

आत्मवृत्तातला क्रम पाहण्यासारखा आहे. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासले ते १८९६ साली, रँड पुण्यात येण्यापूर्वी. त्याआधीच मुले जमवून तालीम आणि कवायत सुरू होती. दामोदरांना सैन्यात जायचे होते. सरकारने दाद दिली नाही. वडील हरिपंत कीर्तनकार, मुले त्यांच्या साथीला. धर्म बुडतो आहे ही भावना घरातच मुरलेली होती. तिचा रोख केवळ इंग्रजांवर नव्हता, सुधारकांवरही होता, आणि त्यांच्यावर केलेल्या हल्ल्यांची हकिकत दामोदर कसलाही संकोच न बाळगता सांगतात. रँडचे नावही प्लेगमुळे प्रथम कानी पडले असे नव्हे. तो सातारा जिल्ह्यात असताना, १८९४ मध्ये, मशिदीजवळ वाद्ये वाजवण्यावरून वाईच्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगवास झाला होता.

फाशीची वाट पाहणारा माणूस स्वतःची बाजू सजवून लिहिणारच, हे धरूनही मला वाटते की प्लेगने या तरुणांना निशाणा दिला. हात त्याआधीच शिवशिवत होते. अपमान, धर्माभिमान, पराक्रमाची हुकलेली संधी आणि एकमेकांना मागे हटू न देणारे भाऊ, या साऱ्याला झडत्यांनी लोकमान्य कारण मिळवून दिले.

पुढचा भाग आमच्या नाटकात नव्हताच. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले आणि द्रविड बंधूंनी माहिती दिली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर फासावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटे वासुदेव आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. इथे साम्राज्य नाही, प्लेग नाही. आहे तो भावाचा सूड, आणि समोर आपल्याच गावची, आपल्याच बोलीची माणसे. राणीच्या पुतळ्यापासून निघालेली हिंसा अडीच वर्षांत शेजारच्या उंबरठ्यापर्यंत आली.

हे लिहिताना हात अडखळतो. आमच्या घरात चापेकरांच्या तसबिरीला हार घातला जाई, आणि त्यांच्या धैर्याविषयी मला आजही शंका नाही. पण धैर्य कशासाठी वापरले गेले हा प्रश्न धैर्याने मिटत नाही. उलट ‘छळ झाला म्हणून’ एवढेच सांगितले, तर छळ सोसूनही शस्त्र न उचलणारे ते सगळे पुणे आपण भित्रे ठरवतो. आणि मनाची तयारी आधी होते, कारण मागाहून सापडते, हे आजच्या मुलांना सांगायचे राहून जाते.

मे १८९९ मध्ये वासुदेव ८ तारखेला, रानडे १० ला आणि बाळकृष्ण १२ ला फासावर गेले. हरिपंतांचे तीनही मुलगे संपले. पुन्हा कधी ते नाटक बसवले, तर शेवटचा प्रवेश मी गणेशखिंडीत नव्हे, त्या घरात ठेवीन.