लखनौची गोलमेज आणि ख्रिस्ती ऐक्य

उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचे पंथभेद या भूमीत उपजलेले नव्हते. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील जुने धर्मकलह मिशनऱ्यांबरोबर जहाजातून उतरले आणि त्या कलहांशी ज्यांचे काडीचेही नाते नव्हते अशा मंडळ्यांच्या पदरी वारसा म्हणून पडले. गाव कोणत्या मिशनच्या वाट्यास आले, यावरच बहुधा माणसाचा पंथ ठरे.

या वारशाचा विचार करण्यासाठी १९२९ मध्ये लखनौ येथे गोलमेज परिषद भरली. पुढाकार युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाचा होता. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या मीलनातून १९२४ मध्ये ते उभे राहिले होते आणि अहमदनगरकडील मराठी मंडळ्याही त्यात होत्या. मराठी ख्रिस्ती मनाला ही आकांक्षा अपरिचित नव्हती. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून अलग होऊन ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांनी एकत्र कल्पिले होते. टिळकांची ती कवीची झेप होती. लखनौस आरंभलेले काम त्या मानाने रुक्ष, कलमाकलमांचे होते.

त्यातील बाप्तिस्म्याचा प्रश्न तुलनेने लवकर उकलला असे नाही, पण निदान त्याची उकल सरळ होती : बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये नांदाव्यात. खरी गाठ पाळकांच्या दीक्षेची. ज्याला बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेली नाही, त्याची दीक्षा अपुरी मानावी काय? अपुरी म्हटले तर आयुष्यभराच्या सेवेचा अधिक्षेप होतो; पूर्ण म्हटले तर अँग्लिकन परंपरेचा आधार सुटतो. १९४७ मध्ये दक्षिण भारतात विद्यमान पाळकांना आहेत तसेच स्वीकारून, भावी दीक्षा मात्र बिशपच्या हस्ते द्यावी असे ठरले. उत्तरेने दुसरा मार्ग धरला. सर्वांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी आणि त्यातून कोणास काय मिळाले, याचा निवाडा ईश्वरावर सोपवावा. ही संदिग्धता बुद्धिपुरस्सर होती. तिला शब्दच्छल म्हणणारे टीकाकार होते. परंतु ज्या वाक्यात दोन्ही पक्षांना आपला अपमान दिसत नाही असे वाक्य घडविणे, हे भाषेचे सामान्य काम नव्हे.

दरम्यान जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीची आशियातील पहिली बैठक १९५२-५३ च्या संधीवर लखनौलाच भरली. तेथील इझाबेला थोबर्न कॉलेजच्या प्राचार्या सारा चाको या १९५१ पासून त्या परिषदेच्या अध्यक्षमंडळात होत्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्या केरळच्या, सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतील. कॉलेज अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे. आपली परंपरा न सोडता त्यांनी तेथे अध्यापन केले आणि पुढे संस्थेची धुराही वाहिली. मसुद्यांत जे तोलून मापून लिहावे लागत होते, ते येथे दैनंदिन व्यवहारात घडत होते. १९५४ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. दीर्घकाळ वाटाघाटीत असलेले सातवे, अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च, त्याच वर्षी माघारी फिरले. ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट मात्र सामील झाले होते. तेव्हा ही माघार केवळ श्रद्धेच्या मतभेदाने उलगडत नाही. अमेरिकन परंपरेच्या चर्चला स्वतःचे बिशप होते, अमेरिकेतील सर्वसाधारण परिषदेशी जडलेले नाते होते, शाळा-कॉलेजांचा मोठा पसारा होता. श्रद्धेची सामाईक भूमी सापडली होती. आपलेपणाची सापडली नाही. हे चर्च १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले. गोलमेज जेथे मांडली गेली त्या लखनौत चाकोंचे कॉलेज याच चर्चच्या परंपरेत राहिले, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा लखनौ धर्मप्रांत त्याच्या शेजारी वेगळा नांदतो.