एक डिस्क गेली आणि १३९ दिवस

हेडफोन लावलेत ना? आज गोष्ट सर्व्हरची आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीचा सर्व्हर सांभाळायचो. एका रात्री चार डिस्कांपैकी एक गेली. मी नवी बसवली, रीबिल्ड सुरू केलं आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी फोनवर फोन! "अहो, एक बिल उघडायला दोन मिनिटं लागतायत!" मी रीबिल्डचा वेग पार खाली आणला. सर्व्हर पळायला लागला, सगळे खूश. आपण केवढी जोखीम घेतली, हे मला नंतर कळलं.

ती जोखीम समजून घ्यायला १९८८ मध्ये जाऊया. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. कल्पना अशी, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, छोट्या डिस्कांची फौज वापरायची. याचंच नाव रेड. पण डिस्का जास्त म्हणजे बिघाडही जास्त. मग उपाय काय? पॅरिटी.

गणपतीच्या वर्गणीची वही आठवा. एका नावापुढचा आकडा पुसला गेला, तरी खालच्या बेरजेतून बाकीचे आकडे वजा केले की तो सापडतो. पॅरिटीचं तत्त्व तेच. मेख एवढीच, की एक आकडा शोधायला बाकी सगळे वाचावे लागतात. म्हणून रीबिल्ड चालू असताना उरलेल्या सगळ्या डिस्का कामाला जुंपलेल्या असतात, आणि नेमकं तेव्हाच लोकांनाही त्याच डिस्कांवरचा डेटा हवा असतो.

त्या निबंधातली छोटी डिस्क होती १०० एमबीची, वेग सेकंदाला १ एमबी. अख्खी वाचायला दोन मिनिटंही नकोत. आजची १२ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने वाचली, तरी साडेसोळा तासांहून जास्त वेळ जातो. जागा वाढली १ लाख २० हजार पट, वेग फक्त २०० पट. खरं दुखणं हे आहे.

लिनक्सने यावर दोन मर्यादा ठेवल्या. सर्व्हर मोकळा असला की रीबिल्ड कमाल मर्यादेपर्यंत पळतं. लोकांचं काम आलं की मागे सरतं, पण किमान वेग धरून ठेवायला बघतं. हा किमान वेग मुळात ठरलेला असतो सेकंदाला १००० केबी. आता हिशेब करा. १२ टीबीची डिस्क याच वेगाने भरायची तर लागतील जवळपास १३९ दिवस! आणि एकाच पॅरिटीवर चालणाऱ्या रेडमध्ये तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर डेटा गेलाच म्हणून समजा.

मग लोकांनी वेगवेगळ्या वाटा शोधल्या. रेड ६ मध्ये दोन पॅरिटी असतात, त्यामुळे दुसरी डिस्क गेली तरी निभावतं. २००५ मध्ये आलेल्या झेडएफएसने ठरवलं, की रिकामी जागा कशाला भरायची? जिथे डेटा आहे तेवढंच पुन्हा उभारायचं. आणि १९९२ मध्ये मार्क हॉलंड आणि गिब्सन यांनी मांडलं होतं, की पॅरिटीचे गट जास्त डिस्कांवर पसरवले तर रीबिल्डचा भार प्रत्येकीवर थोडाथोडाच पडतो. त्याच धर्तीची सोय ओपन झेडएफएसमध्ये ड्रेड या नावाने २०२१ मध्ये आली. मधे २९ वर्षं गेली!

माझ्या सर्व्हरवर यातलं काहीच नव्हतं. मी आधी बॅकअप तपासला. दिवसभर वेग बेताचा ठेवला आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मर्यादा वर नेली. पहाटे रीबिल्ड संपलं, तोवर मी जागाच होतो.

तेव्हापासून सर्व्हर हळू झाल्याची तक्रार आली, की मी वेग कमी करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: दुसरी डिस्क आत्ता गेली तर? तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर एपिसोड इथेच थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. भेटू पुढच्या भागात!